हायड्रोजनची पाणपोई

कमलाकांत चिंचोळकर मास्तरांनी हायड्रोजनवर चालणारी मोटार बांधायला घेतली ती विज्ञानासाठी, असं ते स्वतः सांगत. राजापेठेत कोणालाही विचारा, खरं कारण रमाबाईंचं पोट होतं. ज्यानं नुसतं खाकरलं तरी हायस्कुलातला वर्ग गप्प होतो, असा रसायनशास्त्राचा मास्तर बायकोला ओकारी येते म्हणून मोटार बांधतो, हे चारचौघांत बरं दिसत नाही. म्हणून मास्तर ‘राष्ट्राचा इंधनाचा प्रश्न’ वगैरे बोलत, आणि रमाबाई स्वयंपाकघरातून ऐकून हसत.

रमाबाईंना गाडी लागायची. आगगाडीचं काही नव्हतं. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत त्या खिडकीशी बसून कोळशाचे कण डोळ्यांत घेत मजेत जात. पण पेट्रोलचा वास आला की जीव कासावीस होई. बसच्या पायरीवरच तोंडाला पाणी सुटे, पहिल्या वळणाला डोळे पांढरे होत, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही. लिंबू हुंगून झालं, आल्याचा तुकडा दाढेखाली धरून झाला, शेजारच्या पार्बताबाईंनी सांगितलं म्हणून पोटावर वर्तमानपत्राची घडी बांधून झाली. त्या प्रवासात वर्तमानपत्र तेवढं कोरडं राहिलं.

आणि त्यांची थोरली बहीण नेमकी पातूरला. अकोल्यापर्यंत रेल्वे, पुढचे वीस मैल बस. बैलगाडी होती, पण गाडीच्या हिसक्यानं रमाबाईंची कंबर एकदा अशी धरली होती की, ‘पुन्हा बैलगाडीत बसणार असाल तर माझ्याकडे येऊ नका,’ असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्यामुळे गोदावरीबाई, म्हणजे गोदाक्का, पातुरात आणि रमाबाई अमरावतीत, असं कित्येक वर्षं चाललं होतं. गोदाक्काच्या मुलाचं लग्न झालं, नातवाचं बारसं झालं, रमाबाईंचा आहेर पोस्टानं गेला. गोदाक्का जन्मात कधी आजारी पडल्या नव्हत्या. त्यामुळे दुसऱ्याच्या आजारावर त्यांचा विश्वास नव्हता.

एकसष्ट सालची गोष्ट. संक्रांत झाल्यावर पातूरचा एक माणूस गोदाक्काचा निरोप घेऊन आला. निरोप त्यानं पाठ करून आणला होता आणि गोदाक्काच्या आवाजातच म्हणून दाखवला: “वच्छलेचं लग्न वैशाखात ठरलं. माह्या घरचं हे शेवटचं लग्न. रमा आली तर मावशी. नाही आली तर मी समजीन का मले बहीण नाही. अन् गाडी लागते हे मले सांगू नका. सारी दुनिया बसून राहिली बसमधे, हिलेच कशी लागते?”

रमाबाईंनी त्या माणसाला चहा दिला, पोहे दिले, दारापर्यंत पोचवलं. त्या रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्याही नव्हतं. मास्तर मुकाट्यानं जेवले आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन बसले, कारण घरी बसवेना.

तिथं अमेरिकेहून आलेल्या एका मासिकात त्यांना एका ट्रॅक्टरचं चित्र दिसलं. त्या ट्रॅक्टरात इंजिन नव्हतं. गॅसच्या बॅटऱ्यांची एक मोठी पेटी होती. तिच्यातून वीज निघे आणि विजेवर चाकं फिरत. धूर नाही, धडधड नाही. आणि वास? मास्तरांनी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. वासाचा उल्लेखच नव्हता. ते टोपी विसरून घरी आले आणि रमाबाईंना म्हणाले, “तू वच्छलेच्या लग्नाला जाणार. मोटारीनं.”

रमाबाई म्हणाल्या, “कोणाच्या?”

“माझ्या.”

आता शेजारी बापूसाहेब वकील राहत. राजापेठेत कोणी विहीर खणो, मुलगी देवो की दात काढो, बापूसाहेबांचं मत घेतल्याशिवाय होत नसे. कारण ते न विचारताच येऊन देत. ते त्याच संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर हजर झाले. मास्तरांची एक सवय होती. मान जपायचा असला की ते पुस्तकी मराठी बोलत आणि बिथरले की वऱ्हाडीवर येत. सुरुवात पुस्तकी झाली.

“बापूसाहेब, पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन विलग होतात. आता याच्या उलट पाहा. दोघांना योग्य रीतीने एकत्र आणलं, की वीज बाहेर पडते आणि शेवटी उरतं ते शुद्ध पाणी.”

“म्हणजे फारकत झालेल्या नवराबायकोचा समेट.”

“तसं म्हणा.”

“मास्तर, माह्या वकिलीत असे समेट लई झाले. त्याच्यात वीज पडताना पाह्यली, निघताना नाही पाह्यली.” बापूसाहेबांनी पानाला चुना लावला. “अन् वीजच पायजे तं लॉरीच्या दोन बॅटऱ्या लावा ना. हा समेट काहून करून राह्यले?”

मास्तरांना ते लागलं. “त्यात विज्ञान कुठलं?” असं म्हणून ते आत गेले. पुढे खुशालराव सरकीवाल्यांनी जुन्या लॉरीच्या बॅटऱ्या फुकट देऊ केल्या तेव्हा मात्र त्यांनी त्या ठेवून घेतल्या. सुरुवातीच्या धक्क्यापुरत्या.

गाडी परसात आकार घेऊ लागली. मागे रिक्षाची दोन चाकं, पुढे सायकलचं एक. मधे वेताची खुर्ची, आणि रमाबाईंच्या कंबरेसाठी खुर्चीखाली जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा. त्या इतक्या मऊ होत्या की बसणारा माणूस बसल्यावरही काही वेळ बसतच राही. खुर्चीमागे काचेच्या बरण्यांची रांग: त्यात पोटॅशचं पाणी, निकेलची जाळी आणि मास्तरांची अब्रू. सगळ्यात वर, मांडवासारख्या चौकटीवर, लॉरीच्या टायरच्या ट्यूबा बांधलेल्या. हायड्रोजन त्यांत भरायचा. ऑक्सिजन हवेतून फुकट.

हायड्रोजन मात्र फुकट नव्हता. जस्तावर तेजाब ओतून तो घरीच काढावा लागे. पहिल्या दिवशी बापूसाहेब कोर्टातून तसेच काळ्या कोटात बरणी धरायला आले. ‘काही होत नाही’ असं म्हणत दोघांनी ट्यूब भरली, आणि खरोखर काही झालं नाही. तेजाबाचे बारीक थेंब कुठं उडाले ते कोणाला दिसलं नाही. चार दिवसांनी बापूसाहेब कोर्टात उभे राहिले, पक्षकाराच्या निर्दोषपणाबद्दल बोलताना त्यांनी उजवा हात वर केला, हात वर गेला आणि काळ्या कोटाची बाही टेबलावरच राहिली. पक्षकार सुटला. पण बापूसाहेब पुढे महिनाभर मास्तरांशी फक्त कुंपणापलीकडून बोलत. सल्ला देणं त्यांनी थांबवलं नाही. आवाज तेवढा वाढवला.

मग परवान्याचं आलं. नवं राज्य होऊन जेमतेम वर्ष झालेलं, नागपूरचे कागद मुंबईला गेले होते आणि मुंबईचे नियम इकडे यायचे होते. मधल्या काळात मोटार खात्याच्या कचेरीत सगळ्यांनाच मोकळं वाटत असावं. कारकुनानं चश्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “गाडी कशावर चालते? पेट्रोल, डिझेल का जनावर?”

“हायड्रोजन.”

“ते इथं नाही. धूर कुठून निघते?”

“धूर निघत नाही. मागून थोडंसं पाणी निघतं.”

“म्हणजे गळते.”

“गळत नाही हो. पाणी तयार होतं!”

“मास्तर, तयार होवो नाही तर गळो, खाली सांडते ना? गळकी गाडी पास होत नाही.”

मास्तरांनी पोरांना समजावतात तसं फळ्यावाचून सगळं समजावलं. कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं शांतपणे ऐकलं, विचार केला, आणि दोन वाटा काढून दिल्या. गाडीला इंजिन नाही, तेव्हा ती मोटारच नाही. आजारी माणसाची चाकाची खुर्ची म्हणून लिहू, तिला काही लागत नाही. आणि हायड्रोजन बाळगायचा तर जिल्ह्यात तो फक्त जत्रेतले फुगेवाले बाळगतात, तेव्हा तो परवाना घ्या. मास्तर बाहेर आले तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं ते बायकोला चाकाच्या खुर्चीत बसवून फिरणारे फुगेवाले होते. ही बातमी त्यांच्या आधी राजापेठेत पोचली. दुसऱ्या दिवसापासून आया पोरांना कडेवर घेऊन दाराशी येऊ लागल्या, “मास्तर, एक लाल द्या जी.” मास्तरांनी पहिल्या बाईला झिडकारलं. पण पोरगं रडायला लागलं, आणि रमाबाईंनी आतून असं काही पाहिलं, की त्या आठवड्यात मास्तरांनी बाजारातून फुग्यांचा पुडा आणला.

शेवटचा प्रश्न वाटेतल्या गॅसचा. पेट्रोलचे पंप जागोजागी झाले होते, हायड्रोजनचा पंप आख्ख्या हिंदुस्थानात नव्हता. “दहा मैलांवर एक तरी ठिकाण पायजे,” बापूसाहेब कुंपणापलीकडून ओरडले, आणि यावेळी त्यांचं बरोबर होतं. अकोला ते पातूर वीस मैल. बरोबर मधे कापशी, तिथलं तळं प्रसिद्ध. कापशीच्या प्राथमिक शाळेत देवमन गवई शिक्षक होता. हायस्कुलात मास्तरांचा आवडता विद्यार्थी. छप्पन साली त्याच्या घरानं नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला, तेव्हा तो पेढे घेऊन आधी मास्तरांकडे आला होता. देवमननं शाळेसमोरच्या निंबाखाली जागा दिली.

मास्तरांनी तिथं मोठं टाकं बसवलं, ते पाण्यानं भरलं, आणि त्या पाण्यात जस्ती पत्र्याचं पिंप पालथं घातलं. नळीनं खालून गॅस सोडला की पिंप आपोआप वर उचललं जाई आणि गॅस पाण्यावर कोंडून राही. उन्हानं तापू नये म्हणून वर तुराट्यांचा मांडव घातला, पिंपावर ओलं पोतं टाकलं. लग्नाला आठवडा उरला असताना मास्तरांनी गाडीच्या ट्यूबांपुरतं मागे ठेवून जवळचं सगळं जस्त आणि तेजाब खर्चून पिंप भरलं, देवमनला सांगितलं, “पाणी कमी होऊ देऊ नको,” आणि समाधानानं परतले. हिंदुस्थानातला पहिला हायड्रोजन पंप कापशीला उभा होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी गाडी खुशालरावांच्या लॉरीतून अकोल्याला उतरली. रमाबाई रेल्वेनं आल्या. गावाबाहेर सकाळच्या उन्हात त्या वेताच्या खुर्चीत बसल्या, म्हणजे बराच वेळ बसत राहिल्या, आणि मास्तर पुढच्या फळीवर बसले. खटका दाबला. गाडी हलली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी वाऱ्यावर ढकललं, पण वारा नव्हता.

गाडीचा वेग बेताचा होता. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवून त्यांना मागे टाकलं, डोक्यावर पेंडी घेतलेली एक बाई बराच वेळ बरोबरीनं चालली आणि रमाबाईंशी गप्पा मारून आपल्या वावराकडे वळली. मग पातूरची बस आली. ड्रायव्हरनं बस हळू केली, माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबली. “मास्तर, कुठं चालले जी हे टायर घेऊन?” ड्रायव्हरनं विचारलं. मास्तर पुस्तकी मराठीत काही सांगणार, तेवढ्यात रमाबाईच म्हणाल्या, “पातूरले. बहिणीकडे. मले बस लागते म्हणून ह्यायनं ही गाडी केली.” बस निघून गेली. तिचा वास मागे राहिला आणि रमाबाईंनी पदर नाकाला लावला. मास्तर हँडलच्या आरशातून पाहत होते. मैलभर पदर तसाच होता. मग तो खाली आला. रमाबाई शेतं पाहू लागल्या, बाभळी पाहू लागल्या, आणि कापशीचं तळं उन्हात चमकलं तेव्हा त्यांनी लहान मुलीसारखं बोट दाखवलं. मास्तरांना वाटलं, बांधली ते बरं केलं.

निंबाच्या अलीकडे गाडी मंदावली आणि नेमकी टाक्यासमोर येऊन थांबली. समोर माणसांचा घोळका होता. मांडवाला आंब्याची डहाळी बांधलेली होती. आणि पिंप? पिंप सुलटं होतं. घासून लख्ख केलेलं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं, लाल फडकं गुंडाळलेलं, त्यावर झाकण आणि झाकणावर पितळी ओगराळं. एक म्हातारा गडी पुढे आला आणि मास्तरांच्या पायाला हात लावून म्हणाला, “लई पुन्य केलं मास्तर. या रस्त्यानं वैशाखात घोटभर पानी भेटत नोतं.”

झालं होतं ते सरळ होतं. वैशाखात रस्त्याकडेला झाडाखाली मांडव, मांडवाखाली पाणी, आणि ठेवणारा अमरावतीचा ब्राह्मण मास्तर. ती पाणपोईच असणार, दुसरं काय असणार? फक्त पिंप पालथं होतं. पाण्याचं भांडं पालथं ठेवलेलं कोणाला पाहवेल? घाईत राहून गेलं असेल, म्हणून गावकऱ्यांनी चौघं मिळून ते उचलून सुलटं केलं. त्यातून भुस्स आवाज आला, तो साप असेल म्हणून थोडे मागे सरले. मग चिंच लावून घासलं आणि भरलं.

“विज्ञान समजते का कोणाले इथं?” मास्तर कडाडले. वऱ्हाडी बाहेर आली होती. “गॅस होता त्यात, गॅस! आता मी पातूरले काय पाण्यावर जाऊ?” आणि ते पाहायला वळले, की ट्यूबांत काही उरलं आहे का.

ट्यूबा टम्म होत्या. अकोल्याला भरल्या तशाच. मास्तरांनी एकेकीला हात लावून पाहिलं, मग वाकून खाली पाहिलं, आणि त्यांना कळलं. दहा मैल गाडी ओढली होती ती खुशालरावांच्या लॉरीच्या बॅटऱ्यांनी. त्या आता संपल्या होत्या. बरण्यांतली वीज होती, नाही असं नाही. त्यांनी खटका दाबून पाहिला, चाकं हलली नाहीत; हँडलवरचा भोंगा दाबला, तो वाजला. तेवढाच वाजला.

ते निंबाच्या पाराशी जाऊन बसले. देवमन ओगराळ्यातून पाणी घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला.

“सर, मी शाळेच्या कामानं अकोल्याले गेलो होतो. आलो तं हे असं. पिंप पुन्हा पालथं करायले मी उठलो. तं माही माय तिथं पाणी पिऊन राह्यली होती, अन् तेच ओगराळं हातात घ्यायले पाटलाच्या घरची बाई वाट पाहून राह्यली होती. तुमचं पाणी म्हणून त्या लोकायनं आधी कोण शिवलं ते विचारलं नाही, अन् मी इथं आहो म्हणून आमच्या लोकायनं घ्यावं का ते विचारलं नाही. असं या गावात मी कधी पाह्यलं नव्हतं सर. माह्यानं नाही उलटवलं गेलं ते पिंप. तुमाले निरोप द्यायचा होता, तोही नाही दिला. माह्यावर रागवा.”

मास्तर पाणी प्यायले. पाणी थंड होतं. “राहू दे तसंच,” ते म्हणाले. “आणि फडकं रोज भिजवत जा.” देवमन हसला नाही, पण त्याचा चेहरा हलका झाला.

तो गेल्यावर रमाबाई येऊन बसल्या. मास्तर म्हणाले, “रमा, ती गाडी हायड्रोजनवर चालली नाही.”

“मले काय करायचं ते कशावर चालली?”

“भोंगा मात्र पूर्ण हायड्रोजनचा आहे.”

“अहो,” रमाबाई म्हणाल्या, “मले गाडी लागली नाही. दहा मैल आली मी, एकदाही नाही लागली. मले वाटे, मले सारं जगच लागते.” भर दुपारी, गावासमोर, त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला. मास्तरांच्या आयुष्यात प्रयोग असा यशस्वी कधीच झाला नव्हता.

पण पातूर अजून दहा मैल होतंच. बस मिळाली असती. रमाबाई म्हणाल्या, “चला बसनं, मी जाते.” मास्तर ‘नाही’ म्हणाले. पुढची बस निघून गेली. उन्हं कलली. देवमननं भाकरी आणि वांग्याची भाजी आणली, ती दोघांनी खाल्ली. रमाबाई पातूरच्या रस्त्याकडे पाहत बसल्या होत्या आणि मास्तर त्यांच्याकडे पाहण्याचं टाळत होते.

उन्हं पार तिरपी झाल्यावर त्या रस्त्यावर धूळ दिसली. धुळीतून बैलगाडी आली, आणि गाडीत लग्नाच्या नव्या गाद्या एकावर एक रचून त्यांवर गोदाक्का बसल्या होत्या. मुलीचं लग्न परवावर आलेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नवरीची आई उन्हातान्हात दहा मैलांवर कापशीला. बसच्या ड्रायव्हरनं पातूरच्या स्टँडवर सगळं सांगितलं होतं: एक मास्तर, एक बाई, डोक्यावर टायर, बाईले बस लागते म्हणते.

गाडी थांबायच्या आत त्या उतरल्या. “रमे!” त्या ओरडल्या. “टायर घेऊन यायले तू काय सर्कशीतली आहे का गं? साऱ्या पातुरात हसून राह्यले लोक!” आणि त्यांनी रमाबाईंना असं आवळून धरलं की रमाबाईंच्या बांगड्या वाढल्या. दोघीही रडल्या. मधेच गोदाक्कांनी डोळे पुसले. “पण बस लागते हे मले अजूनही खोटंच वाटते हो, मी सांगून ठेवतो.”

रमाबाई बहिणीच्या पदरावरची धूळ झटकू लागल्या.

सोबत बुंदीचे लाडू होते. घरचे जावई उपाशी असतील म्हणून गोदाक्कांनी मास्तरांना एकापाठोपाठ एक लाडू खायला लावले, वर पाणपोईचं पाणी पाजलं. कंबर सांभाळून रमाबाईंना गाद्यांवर निजवलं, मास्तरांची मोटार बैलगाडीच्या मागे दोरानं बांधली. मास्तर हँडल धरून मागच्या वेताच्या खुर्चीत बसले. आता मानाचं काही उरलंच नव्हतं. गाडी निघाली.

बैल झुलत चालले. दोर डावीकडे ओढी, मग उजवीकडे. सोफ्याच्या स्प्रिंगा खाली जात, आणि मास्तर वर येईपर्यंत पुन्हा खाली जात. समोर धूळ, धुळीत गाडीचा मागचा भाग हेलकावे खाणारा, आणि तिकडेच पाहावं लागे. कापशीचं तळं मागे पडलं. मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. कानशिलं थंड झाली, तळवे घामेजले. त्यांनी राष्ट्राच्या इंधनाचा विचार करून पाहिला, बुंदीचा विचार न करण्याचाही प्रयत्न केला. मग त्यांनी जिवाच्या आकांतानं भोंगा दाबला.

गाडी थांबली. मास्तर रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर आले, आणि पुढचं लिहिण्यासारखं नाही.

कंबर विसरून रमाबाई उतरल्या. अशा वेळी काय करायचं ते त्यांनाच ठाऊक होतं. एका हातानं कपाळ असं धरलं की मान पडू नये. दुसऱ्या हातानं कोटाची गुंडी सोडली. पदराचा ओला कोपरा कानामागे ठेवला. “बोलू नका,” त्या हळू म्हणाल्या. “खाली पाहू नका. दूर त्या झाडाकडे पाहा. आता पुन्हा येईल, येऊ द्या. मग बरं वाटते. मग हातपाय गळून जातात, उठवत नाही. घाबरू नका, मरत नाही माणूस. वाटते, पण मरत नाही.”

मास्तर त्या झाडाकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी नुसती गाडी बांधली होती.

गोदाक्का बैलगाडीजवळ उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा लग्नघरचा दरारा हळूहळू उतरला. त्या जवळ आल्या.

“रमे, तुले असंच होते?”

“हो अक्का.”

“दर टायमाले?”

“दर टायमाले.”

गोदाक्कांनी धुळीत पडलेली मास्तरांची टोपी उचलून झटकली. मग म्हणाल्या, “वच्छलेचे बाबा गेले तेव्हा तू आली होती. बसनं.”

“हो.”

“अन् दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राह्यली. मी साऱ्या पातुरात सांगत फिरली, बहीण आली, पण उठून मले जवळही घेतलं नाही तिनं. इतकी वर्षं मनात धरलं मी ते.”

“उठवतच नव्हतं गं मले,” रमाबाई म्हणाल्या. “तुह्याजवळ यायचं होतं म्हणूनच तं बसली होती मी त्या बसमधे.”

गोदाक्का तिथंच रस्त्याच्या धुळीत बसल्या. नवं लुगडं होतं, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. त्यांनी रमाबाईंना ओढून शेजारी बसवलं, त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि दुसरा हात मास्तरांच्या पाठीवर ठेवला, कारण मास्तरांचं अजून संपलं नव्हतं.

“आता तू उठू नको,” त्या म्हणाल्या. “मी घेतो तुले जवळ.”